टेपवर नसलेलं नाव

माशेझीने तोंड उघडलं नाही म्हणून तिच्या बाजूचा निवाडा रद्द झाला, असं कोर्टाच्या कागदात छापलंय. ते ऐकून आमच्या पाळीतल्या बायका पोट धरधरून हसल्या. माशेझी आणि तोंड न उघडणं! कोंबड्यांची आतडी काढायच्या टेबलावर मी तिच्या शेजारी उभी असायचे. मशीन बंद पडायचं, माशेझी बंद पडायची नाही. सासूचे सुजलेले पाय, मुलीची मास्तरीण, टॅक्सीवाल्याचा माज, चर्चमधल्या त्या बाईचा फुटका गळा, सगळ्यांचा समाचार. एकच शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. लांगा.

लांगा हे तिच्या सासऱ्याचं नाव. म्हातारा जाऊन किती हिवाळे झाले, पण सोखेलांच्या घरात सून म्हणून आलेली बाई ते नाव ओठावर आणत नाही. आमच्या भाषेत लांगा म्हणजे सूर्य, त्यामुळे तिच्यापुरता सूर्यही गेला. ती त्याला 'वरचा दिवा' म्हणते. मी डर्बनच्या वस्तीत वाढलेली, लग्नाच्या फंदात न पडलेली. मला जगातलं कुठलंही नाव घ्यायची मोकळीक. मी तिला म्हणायचे, "नशीब तुझं, सासऱ्याचं नाव पाणी नव्हतं. तहानेने मेली असतीस."

"मेले असते तर वर जाऊन सासऱ्याला ताठ मानेनं भेटले असते," ती म्हणायची. "तू कुणाला भेटणार आहेस, सिस फिकिले? तुझं तर तिकडं कुणी ओळखीचंसुद्धा नाही."

आणि आमच्या मुकादमाचं आडनाव लांगा. 

इतर बायका त्याला 'मिस्टर लांगा' म्हणायच्या, समोर. पाठीमागे काय म्हणायच्या ते सोडा. पहिलं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वयाने मोठ्या माणसाला पहिल्या नावाने हाक मारायची आमच्यात पद्धतही नाही. माशेझी त्याला 'किल्लीबाबा' म्हणायची, कारण थंड खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला वाजत असायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही अंगणात भिंतीला टेकून फुथु, म्हणजे मक्याचा मोकळा सांजा, आणि आंबट दूध खात बसलो, की हा गडी मुद्दाम तिच्यासमोर येऊन उभा राहायचा. कपाळावर हात धरायचा.

"माशेझी, माझ्या डोळ्यावर काय येतंय गं?"

"वरचा दिवा, बाबा."

"त्याला खरं नाव नाही का काही?"

"आहे की. तुम्हाला आहे तेच."

सगळ्या हसायच्या. तोही हसायचा, मान मागे टाकून, सोन्याचा दात दाखवत. मी माणसांचा जमाखर्च मनात मांडून ठेवते, ती माझी सवय आहे. त्याचं हे हसणं मी तेव्हा करमणुकीच्या रकान्यात टाकलं होतं. ती त्याची गुंतवणूक होती.

पाळी सुटली की रक्ताळलेल्या ॲप्रनचा गाडा मागच्या फाटकाशी धुलाईच्या गाडीपर्यंत ढकलत न्यायचा, हे काम माशेझीकडे होतं. एका शुक्रवारी पहारेकऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ॲप्रनांत हात घातला. खाली कोंबडीच्या छातीच्या मांसाची खोकी होती, मोठ्या हॉटेलांना जाणारी, शिक्क्यांसकट. माशेझी म्हणाली, "होय, आहेत. किल्लीबाबांनी ठेवायला लावली. मॅनेजरसाहेबांकडे कार्यक्रम आहे, फाटकाबाहेर त्यांचा टेंपो उभा आहे, तिथं दे म्हणाले." पहारेकऱ्याने बाहेर डोकावून पाहिलं. टेंपो नव्हता. टेंपोवाल्याला पहारेकऱ्यापेक्षा चांगलं नाक असावं.

कंपनीतली चौकशी सेलेने घेतली. सेले म्हणजे आमचा कामगार-अधिकारी. आमच्यासारखाच झुलू, आमच्यासारखाच खेड्यातून आलेला, फक्त टाय लावलेला.

"कुणी दिली खोकी?"

"किल्लीबाबांनी."

"किल्ल्या तीन मुकादमांकडे असतात. नाव सांग."

"नाव तुम्हाला माहीत आहे, सेलेबाबा."

हा उद्धटपणा धरला गेला. गंभीर गैरवर्तन: चोरी, शिवाय चौकशीत असहकार. बडतर्फ. लांगाने चौकशीत सांगितलं की त्या वेळी तो थंड खोलीच्या आसपासही नव्हता, आणि माशेझी बाई चांगली आहे, बिचारीला कुणीतरी फसवलं असेल. हे 'बिचारी' ऐकून माझं डोकं तापलं.

युनियनची प्रतिनिधी मी. प्रकरण लवादाकडे नेलं. लवाद म्हणून आले मसोमीबाबा, पिकलेल्या केसांचे, जाड चष्म्याचे. बोलतील कमी, ऐकतील जास्त. टेबलावर टेप ठेवलेला, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. आधी कंपनीची बाजू. लांगाने शपथ घेतली, आपलं म्हणणं सांगितलं आणि तिथंच भिंतीशी खुर्चीत बसून राहिला. मग माशेझी.

सेलेने विचारलं, "खोकी कुणी दिली, नाव घे."

ती गप्प.

"या कंपनीतल्या कुणी दिली?"

माशेझीने मान खाली घातली, उजव्या हाताचा पंजा उघडा करून भिंतीकडे धरला, लांगाच्या खुर्चीकडे. वडीलधाऱ्यांकडे बोट दाखवत नाहीत, पंजा दाखवतात. "ते," ती म्हणाली.

खोलीत जेवढी माणसं होती, मसोमीबाबा, दुभाषा, मी, सेले, लांगा, सगळी झुलू. सगळ्यांना एका क्षणात कळलं की ही सून आहे आणि ते नाव तिच्या घरातल्या कुणाचं तरी आहे. दुभाष्याने टेपसाठी नुसतं 'ते' एवढंच इंग्रजीत सांगितलं. मसोमीबाबांनी हळूच मान हलवली आणि लिहून घेतलं. मोठ्याने कुणी काही बोललं नाही. का बोलेल? सुनेला 'तू नाव का घेत नाहीस' असं विचारणं म्हणजे तिला भर बाजारात डोक्याचा रुमाल काढायला लावणं. आमच्याकडे भला माणूस असं विचारत नाही. समजतो आणि पुढे जातो.

निवाडा आला: साक्षीदार खरी वाटते, खोकी लांगाने दिली, बडतर्फी अन्यायाची, कामावर परत घ्या. मसोमीबाबा लिहितानाही बोलण्यासारखेच काटकसरी. त्या कागदाची नक्कल घेऊन मी माशेझीच्या घरी गेले. सासूने आमच्यासाठी कोंबडी कापली. मी म्हटलं, आज तरी दुसरं काही शिजव गं बाई.

कंपनी कोर्टात गेली.

आता लोकांना वाटतं, कोर्ट म्हणजे पुन्हा सगळं ऐकतं. नाही. लवादाच्या निवाड्याची फेरतपासणी म्हणजे न्यायमूर्ती एवढंच बघतात, की समोर होता त्या पुराव्यावरून एखादा शहाणा माणूस असा निवाडा देऊ शकला असता का. आणि 'समोर होता तो पुरावा' म्हणजे काय? टेप उतरवून काढलेला कागद. बाकी सगळं वाऱ्यावर. टेपला कान असतात, डोळे नसतात. कागदावर आलं ते असं: प्रश्न, कुणी दिली. उत्तर आलं नाही. प्रश्न, कंपनीतल्या कुणी. उत्तर, ते. संपलं. माशेझीचा पंजा कागदावर नव्हता. खाली घातलेली मान नव्हती. मसोमीबाबांची हललेली मान तर मुळीच नव्हती, आणि ते तोवर निवृत्त होऊन आपल्या गुरांमागे गेलेले.

आम्ही प्रतिज्ञापत्र केलं: तिने लांगाकडे हात केला. त्यावर सेलेने उलट प्रतिज्ञापत्र केलं: मी हजर होतो, असा कोणताही हात केल्याचं मी पाहिलं नाही.

सेलेच्या घरी मी गेलेली आहे. त्याच्या बायकोच्या सासऱ्याचं नाव, म्हणजे सेलेच्याच बापाचं नाव, दगड या अर्थाचं आहे. ती बाई दगडाला 'कठीण' म्हणते. 'अंगणातली कठीणं उचला रे' म्हणते मुलांना. सेले रोज हे ऐकत जेवतो आणि कोर्टाला सही करून सांगतो, मी काही पाहिलं नाही. मी ते वाचलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. कप भिंतीवर गेला. युनियनच्या कचेरीत तो डाग अजून आहे, मी पुसू देत नाही.

डर्बनच्या कामगार कोर्टात आमच्या वकील होत्या प्रिशानी नायकर. पोरसवदा पण धारदार. कंपनीचे फेनसाहेब, ज्यांच्या बुटांत तोंड दिसावं. न्यायमूर्ती दूर केपकडच्या होत्या, झुलू नसलेल्या, शांत, सौम्य आवाजाच्या. मला राग काढायला एखादा खडूस न्यायमूर्ती हवा होता, तोही मिळाला नाही.

फेन म्हणाले, "मायलेडी, तिला पुन्हा पुन्हा विचारलं. एकदाही तिने माणसाचं नाव घेतलं नाही. ज्या माणसाने हुकूम दिला म्हणते त्याचं नाव सांगता येत नाही, कारण असा माणूसच नाही. लवादांनी ते नाव कुठून आणलं? युनियनच्या भाषणातून. भाषण हा पुरावा नव्हे."

न्यायमूर्तींनी नायकर बाईंना विचारलं, "तिने त्यांना ओळखलं, हे कागदात कुठे आहे? पान दाखवा."

नायकर बाईंनी प्रथेबद्दल सांगायला सुरुवात केली. न्यायमूर्तींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते खरं असेल. पण हे तेव्हा कुणी सांगितलं का? साक्षीदाराने? दुभाष्याने? लवादांनी निवाड्यात?"

मी मागच्या बाकावरून उठले. "सांगायची गरजच नव्हती, मायलेडी! खोलीत सगळ्यांना—"

"बसा," शिपाई म्हणाला.

"कृपया बसा," न्यायमूर्ती म्हणाल्या. त्यांच्या 'कृपया'ने मला जास्त लागलं.

निकाल: निवाडा रद्द, दुसऱ्या लवादापुढे नव्याने सुनावणी. साक्षीदाराने महत्त्वाच्या प्रश्नावर मौन पाळलं आणि त्या मौनाची कारणमीमांसा निवाड्यात नाही. एवढंच. चुकीचं एक वाक्य नव्हतं त्या निकालात. कायद्याच्या बाजूने बघितलं तर मीही तसंच लिहिलं असतं, याचाच मला जास्त संताप येत होता.

बाहेर आलो. कोपऱ्यावर वाटाण्याची बनी घेतली, कोरलेल्या पावात रस्सा भरून देतात ती, वरचा कोरलेला पाव मी काढला आणि तो हातात धरूनच भांडायला लागले.

"एक शब्द, माशेझी! दोन अक्षरं! डोळे मिट, तोंडात पुटपुट, मग घरी जाऊन बकरा काप, माफी माग म्हाताऱ्याची. मुलीची फी कोण भरणार? सासूच्या गोळ्या? तुझा नवरा तर वर जाऊन बापाशेजारी बसलाय, त्याला काय!"

"ओरडू नको. लोक बघतायत."

"बघू देत! लोकांना डोळे आहेत, टेपला नाहीत!"

तिने माझ्या हातातला पाव काढून घेतला आणि खाल्ला. मग शांतपणे म्हणाली, "कंपनीने माझा पगार घेतला, सिस फिकिले. नावावर चोर म्हणून शिक्का मारला. माझ्या टेबलावर दुसरी उभी केली. आता तू म्हणतेस तोंडही त्यांना देऊन टाक. मग माझ्याकडे माझं म्हणून काय राहिलं गं? घरी गेल्यावर सासू कुणाशी बोलेल? कंपनीच्या बाईशी?"

"सासूला सांगायचंच कशाला?"

"सासूलासुद्धा ते नाव घेता येत नाही. तिचा तर नवरा. ती बाई उभ्या जन्मात त्याच्या नावाशिवाय जगली आणि मी एका नोकरीसाठी घेऊ?"

मी पुन्हा तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"आणि त्याला हे माहीत होतं. म्हणून तर त्याने मला निवडलं."

तोवर आम्ही टॅक्सीच्या रांगेत येऊन उभ्या राहिलो होतो. मला एकेक आठवायला लागलं. ॲप्रनचा गाडा ढकलायचं काम लांगानेच तिच्याकडे दिलं होतं. त्याआधी ते थांडेका करायची, जी सगळ्या दुनियेची नावं ओरडून घेते. रोज अंगणात येऊन तो विचारायचा: डोळ्यावर काय येतंय गं माझ्या? खरं नाव नाही का त्याला? रोज. कुलूप बसलंय का हे माणूस दार ओढून बघतो तसं.

त्या टॅक्सीत मी अख्खा रस्ता एक शब्द बोलले नाही. माशेझीने ड्रायव्हरला विचारलं, हिला काय झालंय, आजारी आहे का.

नव्या सुनावणीला लवाद होत्या एरास्मस बाई. चाळिशीच्या, केस आखूड, पेन बोटांत फिरवायची सवय. झुलू त्यांना येत नव्हती, म्हणून मला बरंच वाटलं: जिला काही कळत नाही तिला सगळं सांगावं लागतं. कंपनीकडून फेनसाहेब स्वतः आले. एका आतडी काढणाऱ्या बाईसाठी बुटांत तोंड दिसणारा वकील! सेले शेजारी टाय सारखा करत.

आधी लांगा. शपथ घेतली, पूर्ण नाव सांगितलं: झ्वेलाबो लांगा. मी म्हटलं, अच्छा, झ्वेलाबो. एवढी वर्षं काम केलं याच्या हाताखाली. त्याने तेच सांगितलं, थंड खोली, आसपास नव्हतो, बिचारी. मग माझी पाळी.

"मिस्टर लांगा, माशेझी तुम्हाला काय म्हणून हाक मारते?"

"बाबा."

"बाबा कोण?"

"किल्लीबाबा."

"बाकीच्या बायका?"

"मिस्टर लांगा."

"ही का नाही म्हणत?"

त्याने खांदे उडवले. मी टेपकडे वाकून मोठ्याने म्हटलं, "साक्षीदाराने खांदे उडवले."

फेन उखडले. "मॅडम, ह्या फुटबॉलचं धावतं वर्णन करतायत का?"

"हो साहेब," मी म्हटलं. "मागच्या वेळी गोल झाला तेव्हा कुणी ओरडलं नाही, म्हणून धरला गेला नाही."

एरास्मस बाईंनी पेन फिरवणं थांबवलं. "चालू दे. मिस्टर लांगा, खांदे नकोत, उत्तर द्या."

"मला काय माहीत ती का म्हणत नाही."

"जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कपाळावर हात धरून तिला काय विचारायचात?"

"आठवत नाही."

"थांडेका बाहेर बसली आहे, आणखी चौघी आहेत. त्यांना आठवतं. बोलवू?"

त्याने सेलेकडे पाहिलं. सेलेने आपल्या बुटांकडे पाहिलं. तेही मी टेपला सांगितलं.

"गंमत करायचो," लांगा म्हणाला.

"कसली गंमत?"

"तिच्या सासऱ्याचं... ती तो शब्द बोलत नाही. सूर्य म्हणत नाही. सगळ्या हसायच्या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ती तुमचं नाव कुणाहीपुढे घेऊ शकणार नाही."

"मॅडम, आक्षेप," फेन म्हणाले, पण लांगा तापला होता. सोन्याचा दात बाहेर आला.

"घेऊ शकणार नाही म्हणजे काय? तिला कुणी बांधून ठेवलंय? एक शब्द आहे! पहारेकऱ्यापुढे, चौकशीत, लवादापुढे, कितीदा संधी मिळाली. मी जर खरंच दिली असती खोकी, तर तिने घ्यायचं होतं नाव. कुणी अडवलं होतं? मी?"

 त्याचं 'एक शब्द आहे' हे माझंच त्या दिवशी कोर्टाबाहेरचं वाक्य होतं. त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मी माझ्या प्रश्नांचा कागद पालथा घातला.

एरास्मस बाईंनी लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या.

मग माशेझी बसली. डोक्याला हिरवा रुमाल, इस्त्रीचा झगा, चर्चला जाते तशी. मी तिला एकेक विचारलं. तिने सांगितलं: सून आहे, सासऱ्याचं नाव घेत नाही, त्या नावाचा अर्थ असलेला शब्दही नाही, आणि ज्या माणसाने खोकी दिली त्याचं आडनाव तेच. हे सगळं, जे मागच्या सुनावणीत नुसती मान हलवून भागलं होतं, ते तिला अनोळखी बाईपुढे, यंत्रापुढे, वस्तू मोजून दिल्यासारखं मांडावं लागलं. सांगताना तिचा आवाज चढत नव्हता, पण मांडीवरचा हातरुमाल पिळला जात होता. मी ते टेपला सांगितलं नाही. सगळंच काही त्या यंत्राला द्यायचं नसतं.

फेन उठले. अगदी गोड आवाज.

"मॅडम, मला तुमच्या परंपरेबद्दल आदर आहे. पण कायद्याला नाव लागतं. माझा एकच प्रश्न. खोकी कुणी दिली? नाव घ्या, मी खाली बसतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मान खाली घातली नाही.

"आज सकाळी या टेबलाशी सगळ्यात आधी ज्याने हात वर करून शपथ घेतली, स्वतःचं नाव सांगितलं आणि खोटं बोलला, त्याने."

"मी नाव विचारलं."

"ते त्याने स्वतःच सांगितलंय, साहेब. तुमच्या यंत्रात आहे. पुन्हा ऐका."

"मॅडम लवाद, साक्षीदार उत्तर टाळते आहे. मी आग्रह धरतो—"

"मी धरत नाही," एरास्मस बाई म्हणाल्या. "आज सगळ्यात आधी शपथ घेतली ती झ्वेलाबो लांगा यांनी. नोंद करा. बसा, मिस्टर फेन."

निवाडा आला. लांब होता या वेळी, कोर्टाला तोंड मारायला जागा राहू नये असा विटेवर वीट रचून लिहिलेला. कामावर परत घ्या, मधल्या पगारासह. लांगाचं काय झालं म्हणाल तर त्याची कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात बदली झाली. मोठा मुकादम म्हणून. हे तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं, म्हणून फोन करून खात्री केली. त्यानेच उचलला.

आणि त्याच आठवड्यात सेलेचा फोन. "सिस फिकिले, कंपनी पुन्हा फेरतपासणीला जाते आहे. त्यामुळे माशेझीला सोमवारी पाठवू नका."

मी नायकर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नुसता अर्ज टाकून निवाडा थांबत नाही. कंपनीने कोर्टात तारण भरायला हवं नाहीतर स्थगिती आणायला हवी. दोन्ही केलेलं नाही. तेव्हा ती कामावर जाऊ शकते. अडवलं तर आपण कोर्टात अर्ज करू.

"अजून एक कोर्ट?" मी म्हटलं.

"काही महिने लागतील."

"बाई, मी तुमचा मान राखून फोन ठेवते आहे," मी म्हटलं आणि ठेवला.

सोमवारी सकाळच्या पाळीला माशेझी फाटकाशी आली. पांढरे बूट, पांढरी टोपी, हातात निवाड्याची नक्कल. पहारेकरी नवा होता. म्हणाला, यादीत नाव नाही. आत अंगणात आम्ही बायका बूट धुवायच्या हौदाशी जमलेल्या होतो. भोंगा झाला. मी हौदाच्या कडेवर बसले. थांडेका बसली. मग एकेक सगळ्याच बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी गाणं म्हटलं नाही. घोषणा दिली असती तर सेलेला बरं वाटलं असतं, घोषणांचं काय करायचं ते त्याला शिकवलेलं आहे.

मागे जिवंत कोंबड्यांचे ट्रक येऊन लागत होते. पिंजरे एकावर एक, उन्हात. कंपनीला कायदा समजायला वकील लागतो, मेलेली कोंबडी मात्र लगेच समजते. कोंबड्या टांगून नेणारा पट्टा थांबला की पिंजऱ्यातला पक्षी मान टाकायला लागतो, आणि मेलेला आलेला पक्षी सरकारी तपासनीस आत घेऊ देत नाही. मॅनेजर वरच्या खिडकीत येऊन गेला. पुन्हा आला. फोनवर बोलत होता. मग सेले धावत खाली उतरला, टाय खांद्यावर.

"हे बेकायदेशीर आहे, सिस फिकिले. तुम्हा सगळ्यांवर कारवाई होईल. तुझ्यावर पहिली."

"कर की," मी म्हटलं. "लवाद, मग कोर्ट, मग पुन्हा लवाद. मला रस्ता पाठ आहे. तोवर ते ट्रक मोज."

त्याने ट्रककडे पाहिलं. वरच्या खिडकीकडे पाहिलं. मग फाटकाशी गेला. माशेझी तिथंच उभी होती, कागद छातीशी धरून. सेलेने पहारेकऱ्याला खूण केली. फाटक तिच्याएवढं उघडलं, त्याहून बोटभर जास्त नाही.

"ये आत," सेले म्हणाला. "पण प्रकरण कोर्टात आहे, लक्षात ठेव. निकाल लागला की त्याच दिवशी बाहेर. फार पाय पसरू नको."

माशेझी आत आली. हौदात बूट बुडवले, एक, मग दुसरा, ब्रशने घासले, घाई न करता. सेले वाट बघत उभा. तिने ब्रश खुंटीला लावला.

"कोर्टाची वाट मी एवढे दिवस बाहेर उभी राहून बघितली, सेलेबाबा," ती म्हणाली. "आता आत उभी राहून बघते. सरका, तुम्ही माझ्या वाटेत उभे आहात."

तो सरकला. ती टेबलाशी गेली, आम्ही सगळ्या उठून तिच्यामागे. तिच्या जागी लावलेली नवी मुलगी न सांगता शेजारी झाली. माशेझीने सुरी उचलली, अंगठ्यावर धार बघितली, बोथट होती, तिने शिवी हासडली. वर पट्टा सुरू झाला.